परदेशी राजा भारतभेटीला येतो तेव्हा: राजशिष्टाचाराची तयारी

हा राजा स्वतः वाटाघाटी करतो का, हे सर्वांत आधी ठरवा. बाकी सगळी तयारी त्यावर अवलंबून असते. जॉर्डनचा राजा किंवा ओमानचा सुलतान स्वतः राज्यकारभार पाहतो, त्यामुळे हैदराबाद हाउसमधली (दिल्लीतलं सरकारी अतिथिगृह) पंतप्रधानांशी चर्चा हाच त्यांच्या दौऱ्याचा गाभा. नेदरलँड्स आणि स्वीडनचे राजे घटनात्मक प्रमुख आहेत. राजकीय बोलणी मंत्री करतात. २०१९ मध्ये हे दोघेही भारतात आले तेव्हा सोबत परराष्ट्रमंत्री होते. अशा मंत्र्यासाठी स्वतंत्र वेळापत्रक, गाड्या आणि संपर्क अधिकारी पहिल्याच आराखड्यात धरा. नाहीतर मंत्री एकाच वेळी राजासोबत आणि बैठकीत हवे असतात, आणि मग सगळा दिवस कोलमडतो. राजाच्या भाषणात वादाचा विषय यावा असा आग्रहही धरू नका. त्याच्या शब्दांची जबाबदारी त्याच्या सरकारवर असते.

राष्ट्रपती भवनाच्या प्रांगणातला स्वागतसोहळा ठरलेला असतो: २१ तोफांची सलामी, तिन्ही दलांची मानवंदना, दोन्ही राष्ट्रगीते. पाहुण्यांच्या राष्ट्रगीताची स्वरलिपी दूतावासाकडूनच घ्या आणि किती भाग वाजवायचा ते लेखी मागा. डच राष्ट्रगीताला १५ कडवी आहेत! त्यानंतर राजघाट. समाधीपाशी पादत्राणे काढावी लागतात, हे त्यांच्या आधी पाहणीला येणाऱ्या पथकाला तिथेच उभं करून सांगा.

सर्वाधिक चुका ध्वजांत होतात. नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग या दोघांचेही पट्टे लाल-पांढरे-निळे. फरक निळ्याच्या छटेत आणि लांबी-रुंदीच्या प्रमाणात. म्हणून कापड दूतावासाकडून तपासून घ्या. सरकारी गाडीवर आपला ध्वज उजव्या बाजूला, पाहुण्यांचा डाव्या. मंचावर मात्र ध्वज लावणारा प्रेक्षकांकडून पाहतो आणि स्वतःची उजवी बाजू धरतो, तिथे अदलाबदल होते. समोरून पाहणाऱ्याला तिरंगा डावीकडे दिसला पाहिजे, असंच सांगा. राजाचा वैयक्तिक ध्वज वेगळा असतो. तो कुठे लागणार, हेही विचारून ठेवा.

मुंबईचा टप्पा असेल (२०१९ मध्ये दोन्ही राजांच्या दौऱ्यांत होता), तर राज्याच्या राजशिष्टाचार विभागाला आणि पोलिसांना दिल्लीइतक्याच लवकर सामील करा. ताफ्याची रंगीत तालीम त्याच वारी, त्याच वेळी घ्या. रविवारी सकाळी मोजलेला वेळ सोमवारी संध्याकाळी कामाचा नसतो.

मेजवानीसाठी पथ्य, अ‍ॅलर्जी, हलालची अट आणि शुभेच्छांचा प्याला कशाचा, हे चार मुद्दे लेखी हवेत. पदार्थ त्यानंतर ठरवा.