पणजीचं नाव फेरफारात सापडतं

आमच्या काकांनी वहीत सात पिढ्यांची वंशावळ काढून ठेवलीय. तिच्यात एकही बाई नाही. मला पणजीचं नाव हवं होतं. ते शेवटी सातबाऱ्याच्या वाटेनं मिळालं, म्हणून ती वाट सांगते.

गूगलवर आडनाव टाकत बसू नका, मी त्यात दोन महिने घालवले. आधी घरातली पत्र्याची पेटी उघडा. मूळ गाव, तालुका आणि जमिनीचा गट नंबर, एवढं हाती लागलं पाहिजे. जमीन कधीच विकली असेल तरी हरकत नाही, नंबर भावकीत कुणाला तरी पाठ असतोच. शाळेचा दाखला मिळाला तर गाव खरं माना, जन्मतारीख मानू नका. आमच्याकडे चौघांची 1 जून आहे, मास्तरांची कृपा.

महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर गट नंबर टाकला की सातबारा दिसतो. त्यावरचे फेरफार क्रमांक उतरवून घ्या; फेरफार म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद. मग 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करून जिल्हा, तालुका, गाव निवडा, अभिलेखाच्या प्रकारात फेरफार घ्या आणि क्रमांक टाका. स्कॅन केलेलं जुनं पान उघडतं. आमचं गाव सिन्नर तालुक्यातलं, तिथली पानं मिळाली. सगळीकडची मिळतीलच असं नाही. मग तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा.

फेरफारातला खरा खजिना म्हणजे वारस नोंद. खातेदार मयत झाला की त्याचे वारस नावानिशी लिहितात. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या नोंदींत मुलीही येतात, पुष्कळदा सासरच्या आडनावासकट. त्याआधीच्या नोंदींत बायका शोधायच्या तर 'अ.पा.क.' ही अक्षरं बघा: अज्ञान पालनकर्ता. बाप गेला, पोरं लहान, म्हणून आईचं नाव लागलेलं असतं. माझी पणजी तिथंच भेटली, 'अ.पा.क. आई रखमा'. 'ए.कु.मॅ.' दिसलं तर थांबा. तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. नाव थोरल्याचं असतं आणि तुमचे आजोबा त्याच्यामागे दडलेले असतात. जुन्या कागदांत 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको.

पान मोडी लिपीतलं निघालं तर घाबरू नका. निदान आपलं आडनाव आणि गाव मोडीत कसं दिसतं ते शिकून घ्या, म्हणजे कुठलं पान जाणकाराकडे वाचायला द्यायचं ते कळतं. सगळाच गठ्ठा दिला तर खर्च वाढतो.

2023 नंतर कुणबी नोंदींच्या शोधात सापडलेली जुनी पानं अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली आहेत. जातीचा दाखला नको असला तरी चाळा. त्यांत गाव नमुना 14, म्हणजे कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या नोंदीही असतात. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर हरिद्वारच्या पंड्यांच्या, म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या, यात्रेकरूंची घराणी लिहिलेल्या वह्या फुकट बघता येतात, पण आमची मंडळी त्र्यंबकेश्वरापलीकडे गेलीच नाहीत, आणि तिथल्या उपाध्यायांची नामावळी मला समक्ष जाऊनच बघावी लागली.

आजोबांच्या वारस नोंदीत तीन मुलगे आणि दोन मुली आहेत. आम्हाला एकच आत्या माहीत होती. दुसरीच्या नावापुढे संगमनेरकडचं आडनाव आहे, आता त्या गावचे फेरफार काढायला घेतलेत.