लिनक्सवर म्युझिक प्लेअर निवडताना: आधी गाण्यांचा साठा तपासा

संगणकावर लिनक्स ही कार्यप्रणाली नव्याने बसवलेला माणूस पहिल्याच आठवड्यात सॉफ्टवेअरच्या यादीत ‘म्युझिक’ असा शोध घेतो, पंधरा-वीस प्लेअर समोर येतात आणि त्यांतला दिसायला चांगला असेल तो उतरवून घेतो. दोन महिन्यांनी तो कंटाळून दुसरा घेतो, मग तिसरा. नागपुरात महाल भागातल्या आमच्या घरी मीही हे सगळे करून बसलो आहे. हा खटाटोप टाळायचा असेल, तर आपल्या डिस्कवर नेमके काय आहे आणि आपण ते कसे ऐकतो, हे आधी पाहावे.

त्यासाठी साठ्यातल्या सर्वांत अडचणीच्या सात-आठ फाइलींची प्रत काढून एक वेगळा फोल्डर तयार करावा. माझ्या फोल्डरमध्ये देवनागरीत नाव असलेले एक नाट्यपद, तासाभराची एक मैफल, एकाच रागाचे विलंबित आणि द्रुत असे दोन सलग ट्रॅक, कॅसेटवरून उतरवलेले बारीक आवाजाचे तुकडोजी महाराजांचे भजन, टॅग (म्हणजे फाइलीतच साठवलेली गायक, अल्बम, गाणे अशी माहिती) नसलेली एक एमपीथ्री, मोबाइलवरून आलेली एक एमफोरए आणि क्यू फाइलसह (कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो ते सांगणाऱ्या छोट्या फाइलीसह) एक अखंड फ्लॅक इतके आहे. कोणताही नवा प्लेअर आला की त्याला आधी हाच फोल्डर द्यायचा. अर्ध्या तासात त्याचा बरावाईटपणा कळतो.

पहिली कसोटी देवनागरीची. खिडकीत चालणाऱ्या बहुतेक प्लेअरमध्ये जोडाक्षरे नीट दिसतात, मात्र सीमस किंवा एनसीएमपीसीपीपी यांसारखे टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, फक्त अक्षरांवर चालणारे प्लेअर टर्मिनलवर अवलंबून असल्यामुळे तिथे काने-मात्रा अनेकदा विस्कटतात. जुन्या फाइलींच्या टॅगमध्ये टोप्या घातलेली रोमन अक्षरे दिसत असतील, तर त्या टॅग युनिकोडपूर्व काळातल्या फाँटमध्ये भरलेल्या असण्याचा संभव मोठा आहे. त्या रूपांतर करून किंवा हाताने टाइप करूनच सुधाराव्या लागतात, प्लेअर बदलून काही होत नाही. शोधताना आणखी एक बारीक अडचण येते. ‘वाऱ्यावर’ या शब्दातले अर्धे अक्षर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून लिहिता येते, तसेच साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे जोडचिन्ह वापरूनही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही रूपे हुबेहूब सारखी दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी असल्यामुळे गाणे डिस्कवर असूनही शोधात सापडत नाही. साठ्यात कोणते तरी एकच रूप ठेवावे, हाच यावरचा उपाय.

दुसरी कसोटी टॅगची आहे आणि आपल्याकडच्या संगीताच्या बाबतीत खरी निवड इथेच होते. कलाकार, अल्बम, गाणे ही तीन घरांची मांडणी पाश्चात्त्य गाण्यांना पुरते. पण नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे शिकलेल्या डॉ. वसंतराव देशपांडे यांच्यासारख्या गायकाचे ख्याल, ठुमऱ्या आणि नाट्यपदे ‘कलाकार’ या एकाच घरात कोंबली, तर यमन ऐकायचा की नाट्यगीत, हे प्रत्येक वेळी यादी चाळूनच ठरवावे लागते. शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला राग आणि ताल ही घरे हवीत, नाट्यसंगीताला नाटक आणि संगीतकार हवेत. क्वॉड लिबेट या प्लेअरमध्ये आपल्या मनाने नव्या टॅग तयार करता येतात, त्यांवर शोध घेता येतो आणि वरच्या रकान्यांत कलाकाराच्या जागी रागच ठेवता येतो. मी ‘राग’ ही टॅग जोडून डावीकडे राग, मधे गायक आणि खाली ध्वनिमुद्रणे अशी मांडणी केली, तेव्हा माझ्याकडे भैरवी किती आहे आणि मारवा किती थोडा, हे मला पहिल्यांदा कळले. टॅग भरण्याचे काम कंटाळवाणे आहे खरे, पण एकदा भरलेली टॅग फाइलीतच राहते आणि प्लेअर बदलला तरी ती पुसली जात नाही.

तिसरी कसोटी सलग वाजण्याची. विलंबित संपून द्रुत सुरू होताना मधे क्षणभर शांतता आली की लय तुटते. एमपीथ्री तयार करताना फाइलीच्या आरंभी आणि शेवटी थोडी मोकळी जागा पडते आणि ती वगळून वाजवणे प्लेअरला जमावे लागते. फ्लॅकमध्ये ही जागाच नसते. क्वॉड लिबेट, स्ट्रॉबेरी आणि डेडबीफ यांना सलग वाजवता येते, तरीही आपल्याच दोन ट्रॅकवर ते एकदा कानाने तपासावे. त्याच वेळी कॅसेटवरचे बारीक आवाजाचे भजन आणि लगेच नवे चित्रपटगीत लावून पाहावे. दर वेळी आवाजाच्या बटणाकडे हात जात असेल, तर रिप्लेगेन ही सोय चालू करावी. ती मूळ ध्वनी न बदलता गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणते.

आवाजाच्या शुद्धतेवर लोक तासन् तास वाद घालतात. सीडीवरचा ध्वनी दर सेकंदाला १,४११ किलोबिट इतका असतो, फ्लॅक तो साधारण निम्म्या जागेत काहीही न गमावता साठवते आणि इक्वलायझर बंद असेल तर चांगल्या प्लेअरांमध्ये कानाला जाणवेल असा फरक सहसा राहत नाही. शिवाय मे महिन्यात खोलीत कूलरची घरघर चालू असताना चोवीस बिटांची चर्चा करणे म्हणजे जरा चैनच आहे.

लिनक्सच्या मिंट या प्रकारासोबत ऱ्हिदमबॉक्स आधीच बसवलेला मिळतो; उबुंटू या प्रकारात तो बसवताना विस्तारित पर्याय निवडला तरच मिळतो. साठा मध्यम असेल आणि कलाकार-अल्बम ही मांडणी पुरत असेल, तर दुसरे काही शोधू नये. केडीई हा डेस्कटॉप वापरणाऱ्यांसाठी एलिसा तसाच साधा आहे. मोठा साठा, क्यू फाइली आणि टॅगची दुरुस्ती यांसाठी मी स्ट्रॉबेरी सुचवेन. तो क्लेमेंटाइनमधून निघाला आणि क्लेमेंटाइन अमारॉकच्या १.४ या आवृत्तीवरून, त्यामुळे जुन्या अमारॉकची सवय असलेल्यांना तो ओळखीचा वाटतो. ज्यांना साठा वगैरे काही नको, फोल्डर उघडला की गाणे वाजावे एवढेच हवे, त्यांना ऑडेशस पुरतो; तो जुन्या संगणकावरही हलका चालतो आणि विंडोजवरच्या विनॅम्प या प्लेअरचे जुने रूपही घेतो. व्हीएलसी काहीही वाजवतो, पण हजारो गाण्यांचा साठा सांभाळायला तो मला सोयीचा वाटत नाही. एमपीडीची गोष्ट वेगळी: तो पडद्याआड चालतो आणि हॉलमधल्या संगणकावरचे गाणे गच्चीवर बसून मोबाइलवरून बदलता येते. मांडणीला एक संध्याकाळ जाते, पण ज्या घरात संगणक आणि स्पीकर एकाच जागी कायम असतात तिथे याच्याइतके सोयीचे दुसरे काही मला आढळले नाही.

प्लेअर बसवताना तो स्नॅप किंवा फ्लॅटपॅक (बाकी संगणकापासून वेगळे ठेवून चालवले जाणारे सॉफ्टवेअर) स्वरूपाचा आहे का, ते पाहावे. अशा प्लेअरला बाहेरून जोडलेली हार्ड डिस्क परवानगीशिवाय दिसत नाही आणि आपण उगाच डिस्क बिघडली असे समजतो. स्नॅपला काढता येणाऱ्या डिस्कची परवानगी सेटिंगमधून देता येते, तर फ्लॅटपॅकसाठी फ्लॅटसील हे छोटे साधन उपयोगी पडते. डिस्क जोडलेली नसताना प्लेअर उघडू नये, कारण काही प्लेअर गाणी गायब झाली असे समजून त्यांना दिलेले तारे आणि वाजवल्याची मोजदाद पुसून टाकतात.

फाइलींची आपोआप मांडणी करणारी सोय मात्र पहिल्या दिवशी बंद करावी. मी एकदा ती तपासून न पाहता चालू केली, तेव्हा वडिलांच्या कॅसेटवरून महिनाभर बसून उतरवलेली आणि टॅग न भरलेली सगळी भजने ‘अज्ञात कलाकार’ या एका फोल्डरमध्ये जाऊन पडली. कोणते भजन कोणत्या कॅसेटवरचे, हे फक्त जुन्या फोल्डरांच्या नावांवरून कळत होते आणि ती नावे आता उरली नव्हती. शेवटी कॅसेटच्या पेट्या पुन्हा माळ्यावरून काढून एकेक बाजू ऐकत जुळवावी लागली.

तारे आणि मोजदाद बहुतेक वेळा प्लेअरच्या स्वतःच्या नोंदवहीत राहतात, म्हणून आवडीच्या गाण्यांची यादी एमथ्रीयू या याद्यांच्या साध्या स्वरूपात, डिस्कचे नाव न घेता फोल्डरापासूनचा मार्ग ठेवून, गाण्यांच्याच शेजारी साठवावी. पुढे संगणक बदलला किंवा स्ट्रॉबेरी सोडून क्वॉड लिबेट घेतला, तरी ती यादी दोन्हीकडे उघडते.