टीव्ही, कॉम्प्युटर किती लाईट खातात ते घरच्या मीटरवर कसं मोजायचं

आमच्याकडं साताऱ्यात गोडोलीत लाईट बिल आलं की अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, बोट पहिलं माझ्या कॉम्प्युटरकडं जायचं. मी घरात डीटीपीची कामं करते, लग्नसराईत पत्रिका असल्या की मशीन दिवसभर चालू, त्यात अण्णांनी एकदा सीपीयूच्या मागं सप्लायवर, म्हणजे आतल्या भागांना वीज देणाऱ्या डब्यावर, ४५० वॅट लिहिलेलं वाचलं आणि तेच धरून बसले. पण ते ४५० म्हणजे सप्लाय जास्तीत जास्त किती देऊ शकतो तो आकडा. टाकी हजार लिटरची असली म्हणून आपण रोज हजार लिटर पाणी सांडतो का, तसंच हे. खरा आकडा मीटर सांगतो, आणि त्यासाठी काहीही विकत आणायला लागत नाही.

मीटरवर एक बारका लाल दिवा लुकलुकत असतो बघा. त्याच्याजवळ बारीक अक्षरात ३२०० किंवा १६०० इंपल्स असं लिहिलेलं असतं, म्हणजे दिवा तेवढ्या वेळा लुकलुकला की १ युनिट पडलं, आणि १ युनिट म्हणजे १००० वॅटची वस्तू १ तास. आता घरातलं सगळं बंद करा, फ्रिज पण, तेवढ्या वेळात काय होत नाही, फक्त दार उघडू नका. मग एकच वस्तू चालू करून मोबाईलवर ६ मिनिटं लावा आणि दिवा किती वेळा लुकलुकला ते मोजा. मीटर ३२०० चा असेल तर त्या आकड्याला ३.१२५ नं गुणा, १६०० चा असेल तर ६.२५ नं, झाले वॅट.

इन्व्हर्टर असेल तर मात्र सांभाळून. मी पहिल्यांदा मोजलं त्याच्या आधी दोन तास लाईट गेलेली, बॅटरी चार्ज होत होती, आणि कॉम्प्युटरचा आकडा एवढा आला की मला वाटलं अण्णांचंच बरोबर. त्यामुळं बॅटरी फुल झाल्यावरच मोजा, आधी सगळं बंद असताना ६ मिनिटं मोजून तो आकडा वजा करायचा.

माझा कॉम्प्युटर २२ इंची एलईडी मॉनिटर धरून २२ वेळा, म्हणजे ७० वॅटच्या आत. रोज ८ तास धरले तरी महिन्याला १७ युनिटं. लॅपटॉप साध्या कामाला याच्या निम्म्यात बसतो, आणि गेमिंगचं मोठं कार्ड असेल तर खेळताना ३०० वॅटच्या वर पण जातं. आणि २००० वॅटचा गिझर अर्धा तास लावला की १ युनिट, तेवढ्यात माझा कॉम्प्युटर १४ तास चालतो. हे अण्णांना कागदावर मांडून दाखवलं तेव्हा कुठं पटलं.

टीव्ही ४३ इंची. दुकानातनं आला तेव्हापासून पिक्चर मोड विव्हिडवरच होता, त्यात ३० वेळा लुकलुकला, म्हणजे ९४ वॅट. स्टँडर्डवर टाकून ब्राइटनेस जरा उतरवला तर २१, म्हणजे ६६ वॅट. आत्यांच्या सिरियली धरून रोज ६ तास टीव्ही चालतो, तर नुसत्या या सेटिंगनं महिन्याला ५ युनिटं वाचली आणि चित्रात फरक कुणाच्या लक्षातही आला नाही.

पण खरा चोर सेटटॉप बॉक्स. रिमोटनं बंद केला तरी आत चालूच असतो. असल्या बारक्या वस्तूला ६ मिनिटं पुरत नाहीत, अर्धा तास मोजा आणि ३२०० च्या मीटरला ०.६२५ नं गुणा. आमचा बंद असताना ९ वॅट खात होता, दिवसाचे १८ तास, म्हणजे महिन्याला जवळजवळ ५ युनिटं कुणी काही न बघता. आता रात्री बोर्डावरनंच बंद करतो, सकाळी सुरू व्हायला दोनेक मिनिटं घेतो एवढंच. वळवात विजा कडाडायला लागल्या की मात्र बटन पुरत नाही, पिन आणि केबल दोन्ही काढायचं.

कॉम्प्युटरला स्क्रीनसेव्हर लावून लाईट वाचत नाही, पडद्यामागचा दिवा चालूच असतो. ५ मिनिटांनी स्क्रीन बंद आणि १५ मिनिटांनी स्लीप असं सेट करा. काम संपल्यावर यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर कॉम्प्युटर चालू ठेवणारा बॅटरीचा डबा, तो पण बंद करायचा, आधी त्याचं बटन आणि मग बोर्ड, उलटं केलं की तो ओरडत बसतो आणि बॅटरी उतरते.

आता एवढ्यातेवढ्याला काय मोजायचं असं वाटेल, पण कोयना आपल्या जिल्ह्यात असली तरी दर आपल्याला महावितरणच्या बाकीच्यांसारखाच, आणि १०० युनिटांच्या वर गेलं की वरच्या युनिटांना चढा दर लागतो. ज्यांचं बिल ११० च्या आसपास घुटमळतं त्यांना ही १० युनिटंच महाग पडतात.

आणि सगळं बंद करून, इन्व्हर्टर पण काढूनसुद्धा दिवा लुकलुकत राहिला तर वायरमनला बोलवा. जुन्या वाड्यांतनं जिन्यातला बल्ब नाहीतर सामाईक मोटर एखाद्याच्याच मीटरवर जोडलेली असते, आणि वायरिंगमध्ये कुठं करंट उतरत असेल तर ते बिलापेक्षा जिवाला धोक्याचं आहे, ते स्वतः उघडून बघू नका.