‘अर्थसी’ मालिका मुलांसोबत वाचताना

अर्सुला ले ग्विन यांची ‘अर्थसी’ ही बेटांच्या काल्पनिक जगातली, जादूगारांची कादंबरीमालिका बारा-तेरा वर्षांच्या मुलाच्या नुसती हातात देऊन भागत नाही. पहिली दोन-तीन प्रकरणे तरी सोबत बसून, मोठ्याने वाचावीत. कारण झटपट घडणाऱ्या साहसकथांची सवय झालेल्या मुलाला १९६८ सालच्या पहिल्या भागाचे गद्य डोळ्यांना संथ वाटते, पण कानावर पडू लागले की त्याची लय धरून ठेवते.

सुरुवात नकाशापासून करावी. लेखिकेनेही गोष्टीच्या आधी बेटांचा नकाशाच काढला होता. त्यावर गाँट बेट शोधून मगच शेळ्यांच्या प्रसंगाकडे वळावे. सात वर्षांचा कथानायक डनी मावशीच्या तोंडून ऐकलेले शब्द गंमत म्हणून ओरडतो, तशा सगळ्या शेळ्या आवाज न करता त्याच्याभोवती गोळा होतात. तो पुन्हा ओरडतो आणि त्या आणखी दाटतात. तो रडत गावाकडे पळतो, तर कळप त्याला चिकटूनच गावात शिरतो. येथे थांबून मुलाला विचारावे : बोलावता आले, मग सोडवता का आले नाही? पुढे रोक बेटावरच्या जादूच्या शाळेत ईर्ष्येपोटी घडणाऱ्या अनर्थाचे बीज याच प्रसंगात आहे.

मालिकेची खरी ओढ आहे ती नावांची. प्रत्येक वस्तूचे आणि माणसाचे एक खरे नाव असते, ते ज्याला कळले त्याची त्यावर सत्ता चालते. म्हणून डनीचे खरे नाव ‘गेड’ असले, तरी जग त्याला ‘स्पॅरोहॉक’ म्हणूनच ओळखते. हे समजावताना पत्रिकेतील नावरस नावाचा दाखला उपयोगी पडतो. माझ्या भाचीला तिचे नावरस नाव त्याच वेळी प्रथम कळले आणि ते कोणालाही सांगायचे नाही, असे तिने तिथल्या तिथे ठरवून टाकले. शाळेतल्या त्या अनर्थातून गेडच्या मागे लागलेल्या सावलीचे नाव मात्र आपण आधी फोडू नये.

गेडचा गुरू ओगियन पाऊस हटवण्याचे सामर्थ्य असूनही भिजत झोपतो, ही पाने मुले ओलांडू पाहतात. ती ओलांडू देऊ नयेत. सामर्थ्य कधी वापरू नये, हे तेथे उपदेशाविना कळते. गेडचा वर्ण लालसर तपकिरी असल्याचा उल्लेखही मजकुरात सहज येऊन जातो. तो मुलाला स्वतः सापडू द्यावा आणि मग पुस्तकाच्या मुखपृष्ठावरील चित्राशी ताडून पाहायला सांगावे. अनेक आवृत्त्यांवर गेड गोरा रंगवला गेला आणि लेखिकेने त्याबद्दल जाहीर नाराजी व्यक्त केली होती.

दुसरा भाग अतुआनच्या अंधाऱ्या भुयारांत घडतो. त्याची नायिका टेनार असून गेड बराच उशिरा येतो, हे आधीच सांगून ठेवावे, नाहीतर मूल त्याची वाट पाहत कंटाळते. तिसऱ्या भागात मृतांच्या प्रदेशाचा प्रवास आहे. घरात नुकताच मृत्यू झाला असल्यास तो काही महिने पुढे ढकलावा. चौथा भाग अठरा वर्षांच्या खंडानंतर, १९९० साली आला. त्यात होरपळलेल्या, अत्याचार सोसलेल्या लहान मुलीची कथा असल्याने तो सोळाव्या वर्षापूर्वी देऊ नये आणि देण्याआधी स्वतः वाचावा.