विंडसर्फिंगचं सामान निवडताना काय पाहावं

सामान घ्यायला गेलेला माणूस आधी शीड बघतो, कारण सगळे रंग तिथेच असतात. सुरुवात मात्र बोर्डापासून करा, आणि बोर्डातही लिटरच्या आकड्यापासून. तो बहुतेक बोर्डांवर छापलेला असतो. एक लिटर म्हणजे ढोबळमानाने एक किलो वजन तरंगवण्याची ताकद. नवशिक्याने आपल्या वजनात ८० ते १०० मिळवावेत. म्हणजे ७० किलोच्या माणसाला १५० ते १७० लिटर. ‘शिकलो की उपयोगी पडेल’ म्हणून छोटा बोर्ड घेतलात, तर शिकणं राहील बाजूला, निम्मा वेळ पाण्यात पडण्यातच जाईल. पोटाखाली डॅगरबोर्ड, म्हणजे बोर्डाच्या मधून पाण्यात उतरवायची पाती, हवीच. ती नसेल तर बोर्ड वाऱ्याबरोबर वाहत जातो आणि परत येताना तो ओढत किनाऱ्याने चालावं लागतं.

मग शीड. हलक्या वाऱ्यात शिकायला साधारण ५ चौरस मीटरचं पुरतं.

खरी फसगत मास्टमध्ये, म्हणजे शीड ताणून धरणाऱ्या उभ्या काठीत होते. शिडाच्या खालच्या कोपऱ्यापाशी छापलेले आकडे वाचा. लफ (शिडाच्या मास्टकडच्या कडेची लांबी) ४३० आणि मास्ट ४०० लिहिलं असेल, तर उरलेले ३० सेंटीमीटर एक्स्टेन्शनने, म्हणजे मास्टच्या बुडाशी लावायच्या जोडतुकड्याने भरून काढायचे. लांबी जुळली तरी मास्टचा बाक जुळतोच असं नाही. बाक चुकला की दोरी कितीही ताणा, शिडावरच्या सुरकुत्या जात नाहीत. म्हणून महागडं शीड आणि विजोड मास्ट घेण्यापेक्षा साधी पण जुळणारी जोडी घ्यावी.

जुना बोर्ड घेताना लाज बाळगू नका. पाय ठेवायच्या जागी अंगठ्याने जोर लावून दाबा, मग बोटांच्या पेरांनी ठोकत नाकापर्यंत जा. सगळीकडे टणक ‘टक्’ येत असताना मध्येच ‘भद्’ आवाज आला, तर तिथे आतला थर सुटलाय. नाकाची जास्त तपासणी करा, पडणारा मास्ट तिथेच आपटतो. शेपटाखालची पाती, म्हणजे फिन, बसते त्या खाचेभोवतीच्या बारीक चिराही बघा, तिथून पाणी आत शिरतं. शक्य असेल तर बोर्डाचं वजन करा. कंपनीने सांगितलेल्या वजनापेक्षा दोन-तीन किलो जास्त भरलं, तर किंमत विचारायचीसुद्धा गरज नाही.

शिडाची पारदर्शक खिडकी दुधाळ, कडक झाली असेल तर उन्हाने तिचा जीव गेलाय.

शेवटी मास्टला बोर्डाशी जोडणारा बुडाचा रबरी सांधा दोन्ही हातांनी पूर्ण वाकवा. चीर वाकवल्यावरच उघडते. नखाएवढी दिसली तरी नवा सांधा घ्या. तो किनाऱ्यापासून लांब तुटला तर शीड एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे.