गोव्याच्या डोंगरात हिवाळ्यात कुत्र्यासोबत कसे धावावे

डोंगरात कुत्र्याला घेऊन धावायचं म्हटलं की मोबाइलवर सगळा बर्फच दिसतो. कुत्र्याच्या अंगात जाकीट, पायात बूट, मागून स्नोशू, म्हणजे बर्फात पाय रुतू नये म्हणून बुटाखाली बांधायच्या रुंद चौकटी, घातलेला माणूस. आपल्याकडे पौषातल्या पहाटे सत्तरी-सांग्याच्या बाजूला जरा हुडहुडी भरते, पण दुपारी पारा बत्तिशीला टेकलेला असतो. आपल्या हिवाळ्यात कुत्र्याला जपायचं ते साडेनऊनंतरच्या उन्हापासून, वाळलेल्या गवतापासून आणि गोचिडींपासून. तरीही नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ हाच आपला मोसम. पावसात जांभ्यावर, म्हणजे आपल्या तांबड्या सच्छिद्र दगडावर, शेवाळ चढतं आणि मार्चनंतर सकाळी आठलाच घाम फुटतो.

आधी कुत्र्याकडे बघा

धावायचा हट्ट तुमचा असतो, कुत्र्याचा नव्हे. तो मालकाच्या मागे जीव जाईस्तोवर पळतो, थांबा म्हणून सांगत नाही. म्हणून हा खेळ त्याला झेपेल का, हे तुम्हीच ठरवायचं.

पिल्लाला पळवू नका. मोठ्या चणीच्या कुत्र्यांची हाडं दीड वर्षापर्यंत वाढत असतात, लहान चणीच्यांची साधारण वर्षभर. तोवर चालणं आणि अंगणातली मस्ती पुरे. पग, बुलडॉगसारख्या चपट्या नाकाच्या जातींचा विचारच सोडून द्या, त्यांना चालतानाही धाप लागते. हस्की पाळणारे आपल्याकडे वाढलेत. त्या कुत्र्यावर दुहेरी केसांची दुलई असते, तेव्हा त्याला फार तर उजाडता उजाडता छोटी फेरी. लॅब्रेडोर उत्साही, पण बहुतेक घरांत लाडाने फुगलेला. बरगड्या हाताला सहज लागत नसतील तर आधी वजन उतरवा. माझं मत विचाराल तर आपल्या हवेत गावठी कुत्र्याला तोड नाही: आखूड केस, हलकं अंग, चिवट पाय.

मोसम सुरू होण्याआधी पशुवैद्याकडून हृदय आणि सांधे तपासून घ्या. लशींमध्ये रेबीज तर हवीच. गोवा २०२१ मध्ये रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला, पण भटकी कुत्री राज्याची सीमा बघून फिरत नाहीत. डिस्टेंपर, पार्वो आणि लेप्टोस्पायरोसिसची लसही चुकवू नका. लेप्टो उंदरांच्या मुतातून साचलेल्या पाण्यात उतरतो आणि डबकं दिसलं की कुत्रा तोंड घालणारच.

सामान

गळ्यातला पट्टा धावायला चालत नाही, ओढ बसली की श्वासनलिका दबते. छातीवर इंग्रजी वाय अक्षरासारखा बसणारा आणि खांदे मोकळे ठेवणारा हार्नेस घ्या. तुमच्या कमरेला रुंद पट्टा आणि दोघांच्या मध्ये दोनेक मीटरची ताणणारी दोरी, म्हणजे हात मोकळे राहतात आणि झटका पाठीत बसत नाही. आपोआप गुंडाळली जाणारी डबीतली दोरी झाडीत अडकते, ती घरीच ठेवा.

पाणी कुत्र्यासाठी वेगळं न्या, तासाभराच्या फेरीला निदान अर्धा लिटर. त्यासोबत घडीचं भांडं, बँडेज, चिमटा आणि एक मजबूत पक्कड. पक्कड कशाला? रानडुकरांसाठी काजूच्या बागांच्या आणि शेतांच्या कडेला तारेचे फासे लावलेले असतात. बेकायदा आहेत, तरी असतात. कुत्रा त्यात अडकला की घाबरून ओढतो आणि तार आणखी आवळत जाते. अशा वेळी आधी त्याला अंगाखाली घट्ट धरून शांत करा, तोंडाला कापड गुंडाळा, कारण दुखणारं कुत्रं मालकालाही चावतं, आणि मग तार कापा.

स्वतःसाठी खाऊ नेत असाल तर त्यात मनुके, चॉकलेट किंवा झायलिटॉल (बिनसाखरेच्या च्युइंगममधली गोडी) नको. तिन्ही कुत्र्याला विष आहेत. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन या आपल्या गोळ्याही त्याला कधी देऊ नयेत.

कुठे धावायचं आणि कुठे नाही

इथे बहुतेकांचा घोटाळा होतो. गोव्यात सहा अभयारण्यं आणि एक राष्ट्रीय उद्यान आहे: म्हादई, भगवान महावीर व त्यातलं मोले राष्ट्रीय उद्यान, नेत्रावळी, खोतीगाव, बोंडला आणि चोडणचं सालिम अली. फोटोत सुंदर दिसणाऱ्या पायवाटा आणि धबधबे बव्हंशी यांच्याच हद्दीत येतात. दूधसागर, सुर्ल्याकडचं रान, नेत्रावळीचे सावरी आणि मैनापी, सगळे. तिथे पाळीव कुत्रा न्यायचा नाही. नियम आहे म्हणून तर नाहीच, पण कुत्र्याकडून डिस्टेंपरसारखे रोग रानकुत्र्यांत आणि वाघ-बिबट्यांत जाऊ शकतात हेही आहे. म्हादईत वाघ आहेत, २०२० च्या जानेवारीत तिथे चार वाघ मृतावस्थेत सापडले होते तेव्हा सगळ्या देशाला ते कळलं.

मग उरतं काय? बरंच उरतं. पारोड्याचा चंद्रनाथ पर्वत सुमारे साडेतीनशे मीटर उंच, चढ दमदार आणि सावली भरपूर. वर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ आहे, तेव्हा कुत्र्याला आवारात नेऊ नका. एकाने खाली थांबावं, दुसऱ्याने दर्शन घ्यावं. बोरीचा सिद्धनाथ पर्वत सुरुवातीला बरा. ताळगाव-बांबोळीच्या बाजूचे सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारं, खोल गावचं पठार, शिवाय प्रत्येक गावाला आपापला सडा असतोच. जमीन कोमुनिदादची (गावकीची सामाईक), देवस्थानची की खाजगी ते गावात विचारून घ्या. सकाळी देवळापाशी किंवा चहाच्या गाड्यावर विचारलंत तर वाट, गुरं आणि फासे यांची माहिती एका दमात मिळते.

सड्यावर एक धोका नवख्याला दिसत नाही, चिरेखाणीचा. बांधकामाचे चिरे, म्हणजे जांभ्याचे चौकोनी ठोकळे, काढून झाल्यावर खड्डे उघडेच राहतात, काठ सरळ कापलेले, आत पावसाचं पाणी आणि भोवती कमरेएवढं गवत. कुत्रा पडला तर त्याला वर चढता येत नाही. अनोळखी सड्यावर पहिली फेरी चालतच करा. डिचोली-सांग्याकडच्या बंद खनिज खाणींच्या खंदकांपासूनही लांब राहा.

वेळ

जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सव्वासहानंतर मावळतो. अंधारात धावू नका. बिबट्या पहाटे आणि तिन्हीसांजेला हिंडतो आणि कुत्रा हे त्याचं आवडतं खाणं. गावात येतो तोही बहुधा कुत्र्यासाठीच. म्हणजे नीट उजाडल्यावर निघायचं आणि नऊपर्यंत गाडीपाशी परत यायचं. दोन तासांची ही खिडकी पुष्कळ आहे.

जांभा ऊन धरून ठेवतो. हाताची मागची बाजू दगडावर सात सेकंद टेकवा. हात काढून घ्यावासा वाटला तर त्या दगडावर कुत्र्याचे पाय नकोत.

निघण्याआधी दोन-तीन तास पोटभर खायला घालू नका. भरल्या पोटी पळवलं तर खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याची भीती असते, आणि त्यात काही तासांत जीव जातो. पोदेराचा, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्याचा, भोंगा वाजला की अर्धा पाव मागायची सवय असलेल्या कुत्र्याला हा नियम पटत नाही. तो परतल्यावर द्या.

पहिले काही आठवडे

आधी सपाट रस्त्यावर, घराजवळ. एक मिनिट पळणं, दोन मिनिटं चालणं, सगळं मिळून वीस मिनिटं. आठवड्यात तीन दिवस पुरे, मधे विश्रांती. अंतर हळूहळू वाढवा आणि चढ त्याच्याही नंतर. तळवे जांभ्याला सरावायला वेळ लागतो. रोज पंजे उलटून बघा, कातडं सोलवटलं असेल तर ते भरेपर्यंत सुट्टी.

याच दिवसांत चार शब्द पक्के करा: "चल", "सावकाश", "मागे" आणि "सोड". "मागे" सर्वांत कामाचा, कारण उतारावर पुढून ओढणारा कुत्रा तुम्हाला तोंडावर पाडतो. उतार लागला की त्याला मागे घ्या, कमरेची दोरी सोडून हातात धरा. "सोड" म्हणजे तोंडातलं टाक. फेब्रुवारीत काजू पडायला लागतात आणि कच्च्या बियांच्या टरफलातल्या तेलाने तोंड भाजतं. तो शब्द तेव्हा उपयोगी पडतो.

वाटेवर

दोरी सोडायची नाही. कुत्रा कितीही शहाणा असला तरी नाहीच. गवा हा आपला राज्यप्राणी, एरवी माणूस दिसला की बाजूला होतो. पण मोकळा कुत्रा त्याच्यावर भुंकत जातो, गवा उसळतो, आणि कुत्रा पळत येतो तो थेट तुमच्याकडे. गवा दिसला तर दोरी आखडून, न ओरडता मागे फिरा.

दर पंधरा-वीस मिनिटांनी सावलीत थांबा, थोडं थोडं पाणी पाजा. घामाने अंग गार करणं कुत्र्याला जमत नाही. घामाच्या ग्रंथी जेमतेम पंजांत, बाकी सगळी भिस्त धापेवर, आणि आपल्या दमट हवेत धापही नीट काम करत नाही. जीभ लांब लोंबून टोकाला रुंद झाली, लाळ चिकट झाली, तो मागे रेंगाळायला किंवा सावली शोधायला लागला की त्या दिवसाचं धावणं संपलं. चालत परत.

झोकांडी, उलटी, लालभडक हिरड्या म्हणजे उष्माघात. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, १०६ च्या पुढे अवयव निकामी व्हायला लागतात. गाडीत घालून पळण्याआधी जागेवरच गार करा. असेल नसेल ते पाणी अंगावर, पोटावर, जांघेत ओता आणि वारा घाला. ओलं फडकं गुंडाळून ठेवू नका, त्याने उष्णता आत कोंडते. मग गाडीच्या खिडक्या उघड्या ठेवून पशुवैद्याकडे.

सड्यावर फुरसं असतं, झाडीत घोणस. नाकावर किंवा पायावर अचानक सूज आली तर आवळपट्टी बांधू नका, चिरा देऊ नका. कुत्र्याला उचलून घ्या आणि प्रतिविष ठेवणाऱ्या दवाखान्यात न्या. तो कुठला, त्याची चौकशी मोसमाआधीच फोनवर करून ठेवा.

परतल्यावर

धावण्याइतकाच वेळ या कामाला द्यायला हवा, आणि नेमकं तेच टाळलं जातं.

पहिलं, कुसळं. पावसाळ्यानंतर सड्यावरचं गवत वाळतं आणि त्याचं टोकदार बी कुत्र्याच्या केसांत रुततं. ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्या, कान, काखा, डोळ्यांच्या कडा बोटांनी चाचपा. कुत्रा एकाच बाजूला डोकं झटकत राहिला तर कानात कुसळ गेलंय समजा. घरी उकरू नका.

दुसरं, गोचीड. कुत्र्याला यातून एर्लिकिया आणि बॅबेसियाचा ताप येतो: खाणं सुटतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद होते. पण आपल्याकडे प्रश्न कुत्र्यापुरता राहत नाही. सत्तरीत २०१५ पासून माकडताप आहे. क्यासनूर जंगलात सापडलेल्या विषाणूचा हा रोग गोचिडींतून माणसाला होतो, आणि त्याचा मोसम डिसेंबर ते मे, म्हणजे नेमका आपल्या धावण्याचा. पिल्लू गोचीड खसखशीएवढी असते, दिसतही नाही, आणि कुत्रा ती अंगावरून थेट घरात आणू शकतो.

म्हणून गोचिडींवरची गोळी किंवा मानेवर सोडायचं औषध पशुवैद्याला विचारून मोसमभर चालू ठेवा. तुम्ही पूर्ण बाह्या आणि लांब मोजे घाला, पानांच्या ढिगावर बसू नका. घरात शिरण्याआधी अंगणातच कुत्र्याला विंचरा, स्वतः आंघोळ करा, कपडे गरम पाण्यात टाका. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा. रॉकेल ओतणं, काडीने चटका देणं, नखाने चिरडणं हे सगळे घरगुती उपाय बंद. रानात मेलेलं माकड दिसलं तर कुत्र्याला जवळ जाऊ देऊ नका, तिथूनच फिरा आणि आरोग्य केंद्राला कळवा. आठवडाभरात जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी आली तर डॉक्टरांना रानात गेल्याचं आठवणीने सांगा. ते सांगितलं नाही तर मलेरिया-डेंग्यूच्या तपासण्यांत दिवस जातात.

आणि बर्फात जायचंच असेल तर

हिमाचलात कुत्र्याला घेऊन जावं असं अनेकांच्या मनात येतं. गोव्यात वाढलेल्या कुत्र्याच्या अंगावर थंडीची लव नसते, त्यामुळे जाकीट तिथे खरोखर लागतं. बोटांमधले केस कापून पंज्यांना मेणाचं मलम लावा, नाहीतर बेचक्यांत बर्फाचे गोळे बसतात आणि कुत्रा लंगडतो. मऊ बर्फात तो छातीपर्यंत रुततो आणि लवकर थकतो, म्हणून तुमच्या स्नोशूंनी दाबलेल्या वाटेवर मागून चालवा. पण फार जवळून नको, स्नोशूच्या मागच्या टोकावर त्याचा पाय पडला की तुम्ही आडवे. बर्फ खाऊन तहान भागत नाही, पाणी न्यावंच लागतं. कुडकुडायला लागला की परत. हिमस्खलनाचा इशारा असेल त्या उतारावर दोघांनीही जायचं नाही.

रेल्वेने न्यायचा तर फर्स्ट एसीचा आख्खा कूपे किंवा केबिन घ्यावी लागते, नाहीतर कुत्रा गार्डच्या डब्यातल्या पेटीत जातो. दीड-दोन दिवस त्या पेटीत काढायला लावण्यापेक्षा त्याला शेजाऱ्यांकडे ठेवून तुम्ही एकटे जा.