लेबल गेलेली जुनी पोर्ट घ्यायचीय? मग बूच बघा

आधी एक गोंधळ मिटवतो, गोव्याहून येताना आपण जी स्वस्तातली गोड लाल पोर्ट बॅगेत टाकतो ना, ती ही नव्हे. ही पोर्तुगालच्या डोरो खोऱ्यातली वाईन, द्राक्षाचा रस आंबत असतानाच द्राक्षापासून गाळलेली कडक दारू ओतून आंबणं थांबवलेली, आणि त्यातली व्हिंटेज म्हणजे एकाच चांगल्या सालची, तोडणीनंतर दोनेक वर्षांत बाटलीत भरलेली, जी पुढे तीस-चाळीस वर्षं बाटलीतच मुरते.

मी इंग्लंडात राहतो, इथे छोट्या गावांतल्या लिलावात कुणाच्या तरी आजोबांच्या तळघरातून निघालेल्या बाटल्या येतात आणि यादीत लिहिलेलं असतं, 'पोर्ट, बहुधा १९६३, लेबल नाही'. आता त्या 'बहुधा'चे पैसे किती द्यायचे हाच खरा प्रश्न.

लेबल नाही म्हणून लगेच दचकू नका. १९७० च्या व्हिंटेजपर्यंत बराच माल पिंपांतून ब्रिटनला यायचा आणि इथले व्यापारी तो बाटलीत भरायचे, तळघराच्या ओलीत कागद सडणारच म्हणून कित्येक जण लेबल लावायचेच नाहीत, फक्त काचेवर पांढऱ्या रंगाचा एक फटका मारायचे. तो फटका वर ठेवून बाटली आडवी ठेवायची, म्हणजे साका कायम खालच्या बाजूला बसतो. १९७५ च्या व्हिंटेजपासून मात्र सगळं पोर्तुगालमध्येच भरलं जातं, त्यामुळे १९६३ ची बाटली उघडीबोडकी असेल तर चालतं पण १९८५ ची तशी दिसली तर लेबल आणि मानेवरची सरकारी कागदी पट्टी कुठे गेली ते विचारा.

खरा पुरावा बुचावर असतो. चांगल्या घराण्यांच्या, म्हणजे पोर्ट बनवणाऱ्या कंपन्यांच्या, बुचावर नाव आणि साल डागलेलं असतं, कधी कधी बाटलीत भरल्याचं सालसुद्धा. वरच्या टोपीवर किंवा लाखेवर छाप असेल तर उत्तमच, नसेल तर लिलाववाल्यांना सरळ मेल टाका की टोपी थोडी कापून, मानेमागे टॉर्च धरून बुचाचा फोटो पाठवा. बरेच जण पाठवतात, आणि जे नाही म्हणतात त्यांच्याकडे मी बोली लावत नाही, मग बाटली कितीही मोहात पाडणारी असो.

ही अक्कल मला फुकट नाही आली. एकदा धूसर फोटोत 3 दिसला म्हणून मी १९६३ च्या भावाने एक बाटली उचलली, घरी आणून टॉर्च लावला तर तो 8 निघाला. १९६३ हे पोर्टचं फार मोठं साल, आणि १९६८ मोठ्या घराण्यांनी सर्रास जाहीर केलेलंच नाही (जाहीर करणं म्हणजे या सालची व्हिंटेज आम्ही काढतोय असं घराण्याने सांगणं), त्या साली त्यांनी एखाद्या मळ्याच्या किंवा दुय्यम नावाने माल काढला. प्यायला छान होती हो, पण पैसे दुसऱ्याच सालचे गेले. बायको अजून ऐकवते.

म्हणून मोठी सालं तोंडपाठ ठेवा: १९४५, १९५५, १९६३, १९६६, १९७०, १९७७, १९८५, १९९४. पण साल जाहीर करायचं की नाही हे प्रत्येक घराणं आपापलं ठरवतं, उदाहरणार्थ १९७७ सगळ्यांनी गाजवलं पण कॉकबर्नने ते जाहीर केलं नव्हतं, तेव्हा कुणी 'कॉकबर्न १९७७' म्हणाला तर आधी बूच दाखव म्हणायचं.

दुसरा सापळा कोल्हेता. अर्ध्या फाटक्या लेबलवर नुसतं पोर्टो आणि १९३७ एवढंच उरलं की लोक व्हिंटेज समजून नाचतात. कोल्हेतापण एकाच सालची असते पण किमान सात वर्षं लाकडात राहिलेली, लेबलवर बाटलीत भरल्याचं साल असतं, रंग तपकिरीकडे झुकतो आणि साका जवळजवळ नसतो. वाईट नाही, पण वेगळी चीज, वेगळा भाव. पन्नास वर्षांची 'व्हिंटेज' आणि तळाशी साका शून्य, तर काहीतरी गडबड आहे.

पातळी मानेत किंवा मानेच्या बुडाशी असेल तर छान, खांद्याच्या मध्यावर गेली असेल तर मी सोडून देतो. टोपीखालून चिकट ओघळ आला असेल तरी तेच.

भाव ठरवताना माझा हिशोब साधा आहे, ती बाटली जी काही असू शकते त्यातली सगळ्यात स्वस्त शक्यता धरा आणि तेवढीच बोली लावा, लिलाववाल्यांचं कमिशन आणि त्यावरचा टॅक्स आधीच वजा करून. भारतात नेणार असाल तर माणशी दोन लिटर ड्युटी-फ्री, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या, आणि प्रवासात साका ढवळतो म्हणून नेल्यावर काही आठवडे हात लावू नका.

उघडायच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा. जुनं बूच बहुतेक चुरतंच, म्हणून हळूहळू काढा आणि स्वच्छ मलमलीतून दुसऱ्या भांड्यात ओता, साका दिसायला लागला की थांबा. बुचाचे तुकडे टाकू नका, बशीत जुळवून बघा, फोटोत न दिसलेला आकडा कधी कधी तिथे वाचता येतो.